आमच्या सेक्शनचं वजन उतरलं!

वजन कमी केलेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, "किती किलो?" आकडा ऐकला की त्यांचं समाधान होतं आणि ते निघून जातात. खरी मजा कोणी विचारतच नाही! आमच्या सेक्शनमधल्या चौघांनी एकदम वजन उतरवायला घेतलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पण तेव्हाचे किस्से इतके साठलेत की लग्नाच्या पंगतीत मला शेजारी बसवू नका. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतोच.

आम्ही म्हणजे खडकीच्या एका दारूगोळा कारखान्यातला अकाउंट्स सेक्शन. मी वैशाली. हेडक्लार्क गोखले, राहणार सदाशिव पेठ; बोलायचे कमी, पण बोलले की समोरच्याचं बोलणं बंद! मेरी खडकी बाजारातच लहानाची मोठी झालेली, मराठी माझ्यापेक्षा फर्मास. आणि दत्तू शिंदे, शहराने नुकत्याच गिळलेल्या एका गावातला, शेतकरी घरचा दांडगा गडी. त्याला बसता यावं म्हणून आम्ही त्याच्या खुर्चीचे हात सुतार बोलावून काढून टाकले होते!

वर्षाची आरोग्य तपासणी झाली. डॉक्टर होते फौजेतून निवृत्त झालेले. आम्हा चौघांना शेजारी शेजारी उभं केलं, लांब जाऊन एकदा नीट पाहिलं आणि म्हणाले, "ग्रुप फोटो काढायचा असेल, तर दोन भागांत काढा."

झालं! दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनचा वडा बंद. ऑफिस सुटलं की कारखान्याच्या आवारात भरभर फेऱ्या मारायच्या, आणि दुपारी डबे एकत्र उघडून एकमेकांच्या भाजीवर तेलाचा तवंग आहे का ते बघायचं. ज्याच्या डब्यात तवंग, त्याने त्या दिवशी फक्त काकडी खायची. शिंदेने पहिला आठवडा बहुतेक काकडीवरच काढला!

*

पहिला निकाल लागला गोखल्यांचा. ते स्वतः कधीच सांगणार नाहीत. मला त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गोखलेकाकूंनी सांगितलं.

गोखल्यांच्या घोरण्याची ख्याती पुढच्या चौकापर्यंत होती. तेलकट गेलं, पोट उतरलं आणि घोरणंही आपोआप थांबलं. चार-पाच दिवसांनी सकाळी शेजारचे मास्तर दारात हजर. निवृत्त माणूस, मफलर गुंडाळलेला. दार गोखल्यांनीच उघडलं.

"तुम्ही घरीच आहात?" मास्तर चकित.

"घर माझंच आहे," गोखले म्हणाले.

"तसं नव्हे. रात्री आवाज येत नाही तुमचा, म्हणून."

गोखल्यांना वाटलं, आता आभार मानणार! कधी नव्हे ते हसून म्हणाले, "आता शांत झोप लागत असेल तुम्हाला."

"लागते. पण मी त्यासाठी नाही आलो," मास्तर म्हणाले. "मधली भिंत जाड केली असेल, तर सोसायटीची परवानगी घेतली होती का, तेवढं विचारायचं होतं."

*

मेरीची अंगठी म्हणजे दुसरी धमाल. लग्नात घातलेली अंगठी बोटात अशी रुतली होती की साबण झाला, तेल झालं, दोरा झाला, हलायचं नाव नाही. सोनार म्हणाला कापावी लागेल. मेरी म्हणाली, "मग बोट कापा, अंगठी नाही!"

पुढे भाज्या वाफवून खाणं आणि चालणं सुरू झालं, नि बाईंचं बोट कधी बारीक झालं ते बाईंनाही कळलं नाही. एके दिवशी ऑफिसात आली ती डोळे सुजलेले. अंगठी नाही! सकाळी स्वयंपाक करताना बोटात होती, बसमध्ये बघते तर गायब. आम्ही तिची पर्स उलटी केली. शिंदे टेबलाखाली शिरला. शिंदे टेबलाखाली मावतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं!

रडून रडून दुपार झाली. डबे उघडले. मेरीने कोबीची कोशिंबीर आणली होती, पण ती काही खाईना. गोखल्यांनी वाढून घेतली, एक घास घेतला आणि कट्कन आवाज आला. त्यांनी शांतपणे तोंडात बोट घातलं, अंगठी बाहेर काढली, रुमालाने पुसली, दोन्ही बाजूंनी पाहिली.

मग तिच्यापुढे धरून म्हणाले, "मेरीबाई, उशीर झाला. माझं लग्न झालंय."

*

माझ्या घरचा प्रश्न वेगळाच होता. माझ्या सासूबाई म्हणजे खोबरं, कूट आणि तेल सढळ हाताने घालणारी बाई. त्यांना शुगर होती, गुडघे धरले होते, पण स्वयंपाकाला कोणी नावं ठेवायची नाहीत. मी मुगाची धिरडी आणि कमी तेलातल्या भाज्या करायला लागले, तेव्हा त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"आजाऱ्याचं जेवण आहे हे. मी आजारी नाही."

मग एका घरात दोन स्वयंपाक सुरू झाले! त्या आपलं करत, मी आमचं. बोलणं जेमतेम. मला वाईट वाटायचं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

एका रविवारी त्यांचं अंग दुखत होतं, उभं राहवत नव्हतं. नाइलाजाने माझ्या हातचं धिरडं पानात घेतलं. मी कोथिंबिरीची हिरवी चटणी वाढली, बरोबर पडवळाची भाजी. सगळं घर त्यांच्या पानाकडे बघत बसलेलं. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, धिरडं संपवलं.

मी भीत भीत विचारलं, "कसं झालंय, आई?"

"चव नाही अजिबात," त्या म्हणाल्या. "आणखी एक वाढ."

पुढे त्या माझ्याबरोबर संध्याकाळी बागेत चालायला यायला लागल्या. शुगर खाली आली. पण अजूनही पाहुण्यांना सांगतात, "हिच्या हाताला चव नाही." आणि पाहुण्यांच्या आधी पाट घेतात!

*

सगळ्यात जास्त उतरला तो शिंदे. इतका, की एक दिवस कारखान्याच्या गेटवरच अडकला. नवीन जवान होता पहाऱ्याला. त्याने ओळखपत्र बघितलं, शिंदेकडे बघितलं, परत ओळखपत्र बघितलं.

"ये आपका कार्ड नहीं है."

कोणी दुसरा असता तर चिडला असता. शिंदेला आनंद मावेना! "क्या बोले? फिर से बोलो ना!"

जवानाला वाटलं हा वेडा आहे. त्याने शिंदेला बाजूला उभं केलं आणि ओळख पटवायला सेक्शनचा माणूस बोलावला. गोखले गेले, मागोमाग आम्ही दोघीही गेलो. गोखल्यांनी चष्मा वर सरकवून फोटो पाहिला, मग शिंदेला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"फोटोतला माणूस कामाला बरा होता," ते जवानाला म्हणाले. "हा कोण, मला माहीत नाही."

*

आणि आता आक्काचा किस्सा.

आक्का म्हणजे शिंदेची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच दत्तूला वाढवलं. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं. किडनी बदलायची, तर नवऱ्याची जुळेना, दुसऱ्या भावाला शुगर. शिंदे कोणाला न सांगता हॉस्पिटलात गेला. सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "तुमची चालेल. पण पूर्वी तुमचं वजन फार होतं म्हणता, बीपीही होतं. गेल्या वर्षी आला असतात, तर याच खुर्चीतून परत पाठवलं असतं."

हे त्याने आम्हाला दुपारी डबा खाताना सांगितलं. मेरीने हातातला घास खाली ठेवला. गोखले, ज्यांनी कधी कुणाचं कौतुक केलं नाही, ते उठले, आपल्या डब्यातली भाकरी शिंदेच्या डब्यात ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

पण आक्का तयार होईना! "माज्या धाकट्याला कापायचं नाय. त्याला लेकरं हायत. मी जगले तेवढं बास."

सगळ्यांनी समजावलं. शिंदेच्या बायकोने हात धरून सांगितलं, "आक्का, मी खुशीनं पाठवतीय." तरी नाही. शेवटी शिंदे तिच्या पलंगाशेजारी बसला.

"आक्का, ल्हानपणी तुज्या ताटातली अर्धी भाकरी रोज कोण खायचं?"

"तूच की. दुसरं कोण? पोट हाय का कणगी हाय, कळायचं नाय."

"मग त्यातलं थोडं माघारी घे म्हणतोय. नाय म्हणू नकोस."

आक्काने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "डॉक्टरला बोलव."

ऑपरेशनच्या दिवशी आमचं कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. गोखले स्वतः दर थोड्या वेळाने फोनकडे बघत होते. संध्याकाळी शिंदेच्या बायकोचा फोन आला, दोघंही सुखरूप! मेरी आणि मी गळ्यात गळे घालून नाचलो. गोखले म्हणाले, "ऑफिस आहे," आणि स्वतःच डोळे पुसले.

काही दिवसांनी आम्हाला भेटायला सोडलं. शिंदे हळूहळू चालत पुढे, आम्ही मागे. आक्का उशीला टेकून बसलेली, चेहऱ्यावर तजेला. डायलिसिसला लागल्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. दोन घास खाल्ले तरी पुष्कळ. त्यामुळे तेवढ्यात तपासायला आलेल्या डॉक्टरांनी आधी तेच विचारलं, "काय आक्का, आज जेवलात का नीट?"

"दोनदा जेवले," आक्का म्हणाली. "आन् परत भूक लागलीया."

"दोनदा? अहो, बेताने!"

आक्काने दत्तूकडे एकदा बघितलं, आणि पोटावर हात ठेवून डॉक्टरांना म्हणाली, "मी काय करू? ही दत्तूची हाय. हिला भाकरी लागती!"