भेव हाय का?

शर्यत कुठलीही असो, सुरुवातीच्या रेषेवर भेवताई शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या दंडाला हात लावून विचारायच्या, "भेव हाय का?" ओळख असो नसो. एकदा समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी हा प्रश्न एका उंचापुऱ्या पंजाबी गृहस्थांना केला. त्यांना भेव म्हणजे काय तेच कळेना. ताईंनी छातीवर हात ठेवून बोटं थरथरवून दाखवली. गृहस्थ हसले आणि त्यांनी होकारार्थी मान डोलावली. "मग जा," ताई म्हणाल्या आणि पाण्याकडे वळल्या.

हा त्यांचा नियम होता. भीती वाटते म्हणणाऱ्याला "मग जा." वाटत नाही म्हणणाऱ्याला "मग आज ऱ्हाऊ दे." हा नियम त्यांना कन्नड गावाजवळच्या माहेरच्या विहिरीवर मिळाला होता. पोरांच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून चुलते त्यांना पोहायला शिकवायचे आणि उडी मारण्याआधी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायचे. नाही म्हणणारं पोर त्या दिवशी काठावर बसायचं. "भेव असलं की काठ कुठंय ते ध्यानात ऱ्हातं," ताई सांगायच्या. आमच्या कंपूने त्यांचं नाव भेवताई ठेवलं, ते त्यांनी आनंदाने लावून घेतलं. त्या नोकरीला होत्या त्या बँकेत मात्र त्यांना सगळे मॅडम म्हणत आणि टरकून असत.

आम्ही दोघी ट्रायथलॉनवाल्या. आधी पोहायचं, मग सायकल, शेवटी पळायचं. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या असूनही ताईंनी माझ्याहून जास्त शर्यती पुऱ्या केल्या होत्या आणि प्रत्येक शर्यतीत त्या मनापासून घाबरल्या होत्या. पालीला भ्यायच्या. विद्यापीठाच्या चढावरच्या कुत्र्यांना भ्यायच्या. कन्नडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली मागून आली की सायकल सरळ खाली उतरवून, हात जोडून उभ्या राहायच्या. मला चीड यायची. आमची सरासरी वेळ पार बुडायची. "वेळ बुडू दे, आपुन नको," एवढंच त्यांचं उत्तर.

मग मी पूर्ण मॅरेथॉनचा विषय काढला. आमच्या शर्यतींत शेवटी पळणं असायचं, पण इतकं लांब कधीच नाही. ताईंचा चेहरा उतरला. मला वाटलं, वय आड येत असेल. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. "पाण्यात भेव वाटलं की मी सायकल आठवते. सायकलवर वाटलं की पळणं आठवते. भेव बदलाया मिळतं गं. इथं पळण्याच्या मागं पळणंच. एकच भेव शेवटपर्यंत पुरवायचं?" मी हसले. पण त्या रात्री मला झोप लागेना, आणि तेव्हापासून ही भीती माझीही झाली.

सरावाची आखणी निवडायची वेळ आली. मी मोबाइलवर शोधून ठेवलेली आखणी "अनुभवी धावपटूंसाठी" होती, आठवड्यातले पाच दिवस पळायचं. ताईंनी निवडली ती तीन दिवसांची. बाकीच्या दिवशी पोहणं आणि सायकल तशीच चालू. तिच्यावर चक्क "नवशिक्यांसाठी" लिहिलेलं. विद्यापीठाच्या गेटजवळच्या टपरीवर आमचं कडाक्याचं भांडण झालं. इतक्या वर्षांची मेहनत आणि आपण नवशिके?

"पळण्यात हावच की," ताई म्हणाल्या. "दम तयार हाय आपला. सायकलनं केलाय तो. हाडांनी कुठं काय केलंय? दम म्हणतो चल, आन् हाडं बिचारी ऐकतात. हितंच आपल्यासारखे फसतात."

चहावाले चाचा गाळणी झटकत म्हणाले, "मैडम, इत्ता डर लगता तो दौडते कायकू?"

"डर लगता इसीलिए संभल के दौडते, चाचा," ताई म्हणाल्या आणि माझ्या बशीतलं बिस्किट उचललं.

मी माझीच आखणी धरली. महिना उलटायच्या आत नडगीच्या आतल्या बाजूला, बोट ठेवलं की कळ यायला लागली. दम अजिबात लागत नव्हता, हेच विचित्र वाटायचं. ताईंनी मला कट्ट्यावर बसवलं, अंगठ्याने हाड दाबत दाबत खाली गेल्या आणि एका जागी मी ओरडले. मला वाटलं, आता ऐकवणार. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "थांब बाई आता. मोडलं तर काय करशील?" हाड मोडलं नव्हतं, सुजलं होतं. मी पळणं बंद केलं. त्या मात्र त्यांच्या तीन दिवसांनी, घाबरत घाबरत, पुढे सरकत राहिल्या.

प्रत्येक आखणीच्या डोक्यावर एक ओळ असते: सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्या. ती ओळ आम्ही कुणी वाचत नाही. ती लठ्ठ माणसांसाठी, आयुष्यात न पळलेल्यांसाठी, असं आम्ही धरून चालतो. ताईंनी ती वाचली होती. लांब पळण्याचा टप्पा जवळ आला तसं त्यांचं भेव वाढलं आणि त्या जाऊन हृदयाची स्ट्रेस टेस्ट करून आल्या. आम्ही केवढे हसलो! दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक होता. "हसू नको. परत बोलावलंय." अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे निघाले. छातीत कधी दुखलं नव्हतं, चढावर कधी थांबावं लागलं नव्हतं. बायपास ठरली.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांची मुलगी अश्विनी आणि मी दोघीच होतो. अश्विनी पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली होती आणि आईचा पाय धरून उभी होती. ताईंच्या अंगावर तो हिरवा झगा. समुद्राच्या लाटांत शिरणारी ही बाई त्या खाटेवर केवढीशी दिसत होती. मी त्यांच्या दंडाला हात लावला आणि विचारलं, "ताई, भेव हाय का?"

"नाय," ताई म्हणाल्या. मोठ्याने, स्वच्छ.

इतक्या वर्षांत हे उत्तर त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. खाट दाराकडे निघाली. अश्विनी मागेच थांबली, मी चालत गेले. दाराशी ताईंनी माझं मनगट धरून मला खाली ओढलं. हात बर्फासारखा गार होता. कानाशी म्हणाल्या, "हाय गं. लई हाय. पोरगी ऐकत व्हती." मला "मग जा" म्हणायचं होतं. ते म्हणेपर्यंत दार लागलं.

ताई त्या दारातून परत आल्या नाहीत.

पुढे कितीतरी दिवस मी पळाले नाही. जिना चढताना छातीवर हात जायचा. शेवटी मीही ती तपासणी करून घेतली. अहवाल यायच्या आदल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काही निघालं नाही, तरी भीती गेली नाही. मग एका संध्याकाळी मी आखणी निवडायला बसले, आणि या खेपेला काही निवडायचं उरलंच नव्हतं. तीन दिवसांची, नवशिक्यांची.

मॅरेथॉनच्या पहाटे मैदानावर बुटाची नाडी बांधत होते तेव्हा अश्विनीचा फोन आला. शुभेच्छा द्यायला केला असेल असं वाटलं.

"मावशी, तुला एक विचारू? आई त्या दिवशी नाय म्हणाली ना. मला तिचा नियम माहीत होता गं. नाय म्हटलं की जायचं नाही. मी तिला थांबवायला हवं होतं का? रोज हेच डोक्यात येतं."

मला वाटत होतं, आई न घाबरता गेली एवढाच त्या पोरीला आधार असेल. म्हणून दाराशी कानात सांगितलेलं ते मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. आणि ही तिकडे त्याच एका शब्दाने झुरत होती.

"अगं, ती खोटं बोलली," मी म्हटलं. "तू समोर होतीस म्हणून. दाराशी मला म्हणाली, लई हाय म्हणून. हात गार पडला होता तिचा. खूप घाबरली होती तुझी आई."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मी नाडी हातात धरून तशीच बसून राहिले. आजूबाजूला लोक हातपाय झटकत होते, कुणीतरी कर्ण्यावर रांगेत यायला सांगत होतं.

"म्हणजे नियमानंच गेली," अश्विनी म्हणाली. मग नाक ओढून तिने तिच्या आता पुणेरी झालेल्या जिभेला न पेलणाऱ्या त्या शब्दांत विचारलं, "आणि तुला? भेव हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "लई हाय."

"मग जा."