पोतेरावांची तक्रार

पार्कात त्यांना सगळे पोतेराव म्हणत, आणि त्यात अपमान करायचा कुणाचा हेतू नव्हता. त्यांच्या आधी त्या जागेवर खरोखरचं पोतं कामाला होतं.

झालं होतं असं. पार्क उघडायच्या आधी रोज सकाळी प्रत्येक राइड वजन ठेवून एकदा फिरवून बघायची, असा नियम होता. त्यासाठी वाळूचं एक पोतं ठेवलेलं असे. सुपरवायझर ते खुर्चीत बसवायचा, पोटावरचा आडवा दांडा लावायचा, राइड फिरवायचा आणि पोतं सुखरूप उतरलं की दिवस सुरू. एकदा पोतं हवेतच उसवलं आणि यंत्राच्या ग्रीसमध्ये वाळू गेली. तेव्हा साहेबांनी डोकं चालवलं. साहेब म्हणजे पार्कचे मुख्य सुरक्षा अधिकारी. ते म्हणाले, "पोत्याचा मुख्य दोष काय? ते बोलत नाही. काही बिघडलं तर बोलेल, असा माणूस ठेवा."

विचार शंभर टक्के बरोबर होता. फक्त माणूस निवडायची वेळ आली तेव्हा साहेबांनी अख्ख्या जगातला सर्वांत न बोलणारा माणूस निवडला. मुलाखतीला आलेल्या बाकीच्यांनी पगार विचारला, सुट्ट्या विचारल्या, एकाने तर पडलो तर काय, असंही विचारलं. पोतेरावांना साहेबांनी विचारलं, "तुमचं काही म्हणणं?" ते म्हणाले, "काही नाही." साहेबांना माणूस एकदम आवडला.

पोतेराव म्हणजे गायीहून गरीब. लहानपणी शाळेत मास्तरांनी त्यांना चुकून दुसऱ्याच मुलाची शिक्षा दिली होती. ती त्यांनी पूर्ण भोगली आणि वर मास्तरांचे आभार मानले. चपलांच्या दुकानातून एकदा दोन्ही डाव्या पायाच्या चपला आल्या, तर बदलून आणायच्या ऐवजी त्यांनी चाल बदलली. न्हाव्याने भलतेच केस कापले तरी आरशात बघून 'ठीक' म्हणायचे. अशा माणसाला देव सुखी ठेवतो म्हणतात. मला तसं वाटत नाही. देवालाही कळत नसणार ह्याला हवंय काय.

आणि अशा माणसाच्या पदरात पडली होती कडक बायको. ती रोज रात्री ताट वाढायची आणि समोर उभी राहून विचारायची, "कसं झालंय?"

"ठीक."

"अहो, ठीक म्हणजे काय? भाजी आहे ती, हातरुमाल नाही. खारट आहे? अळणी आहे?"

"ठीक आहे गं."

मग ती आत जायची आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायची. पोतेराव भांड्यांचा आवाज ऐकत, भाजीवर पाणी पीत, शांतपणे जेवायचे. पाणी मात्र तांब्याभर लागायचं.

तर असा हा माणूस रोज सकाळी पार्कातल्या सगळ्या राइडवर एकटा बसायचा. उलटा व्हायचा, गरगरायचा, वरून खाली आपटल्यासारखा यायचा आणि चेहऱ्यावरची इस्त्री मोडायची नाही. उतरले की सुपरवायझर आपल्या केबिनमधून अंगठा वर करून ओरडायचा, "ठीक?" हे म्हणायचे, "ठीक." मग सुपरवायझर मुख्य दारावरच्या फलकाकडे जायचा. फलकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, 'आजची सुरक्षा', आणि त्याखाली एक खिळा. त्या खिळ्याला तो 'ठीक' अशी पत्र्याची पाटी अडकवायचा. संध्याकाळी काढायचा, सकाळी पुन्हा लावायचा.

ही झाली आतली सुरक्षा. साहेबांचा खरा जीव होता तो दारावरच्या सुरक्षेत. तिथे बारा पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभे असत. पाण्याची बाटली काढून घेत, छत्री काढून घेत, आजीबाईंच्या विणकामाच्या सुया, पोरांच्या हातातली काडीची गोळी, सगळं जप्त. गोळी खायला हरकत नव्हती, फक्त काडी आत नेता येत नव्हती. एका नवरदेवाच्या खिशात चमचा सापडला तेव्हा तर साहेबांनी पहारेकऱ्याची पाठ थोपटली होती. जप्त मालाचा ढीग काचेच्या खोलीत मांडलेला असायचा आणि कुणी पाहुणा 'तुमच्याकडे सुरक्षितता पुरेशी आहे का हो?' असं विचारायला आला, की साहेब त्याला तो ढीग दाखवायचे. "आजवर," ते छाती फुगवून म्हणायचे, "एकही छत्री आत गेलेली नाही." पाहुणा समाधानाने मान डोलवायचा. मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा, हे म्हणायची बुद्धी कुणालाच झाली नाही.

पोतेरावांना एक नात होती, मुलीची मुलगी. वरच्याच मजल्यावर राहायची आणि शाळेतून आली की आधी खाली आजोबांकडे यायची. ती त्यांच्या अगदी उलट. तिला सगळंच आवडायचं नाही आणि ती ते लगेच सांगायची. आजोबा रोज हवेत उडतात ह्याचा मात्र तिला भयंकर अभिमान होता. एका संध्याकाळी ती धावतच आली.

"आजोबा, उद्या आमच्या वर्गाची सहल तुमच्या पार्कात! आणि मी भिंगरीत बसणार. तुम्ही बसता ना, त्याच खुर्चीत. पिवळ्या. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"ठीक," पोतेराव म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच ठीक होतं.

भिंगरी म्हणजे वर एक भलंमोठं चक्र आणि त्याला लोखंडी दांड्यांनी लटकवलेल्या खुर्च्या. चक्र फिरलं की खुर्च्या बाहेर फेकल्यासारख्या आडव्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पोतेराव नेहमीसारखे पिवळ्या खुर्चीत बसले. चक्र फिरायला लागलं आणि डोक्यावर कुठेतरी 'कट्ट' असा आवाज आला. खुर्चीने किंचित मान टाकली. पुढच्या फेरीला पुन्हा, कट्ट.

भिंगरी थांबली. सुपरवायझरने अंगठा वर केला. "ठीक?"

आणि पोतेराव म्हणाले, "ठीक."

सवय हो. जिभेला वळणच एक पडलेलं. शब्द तोंडातून गेल्यावर ते जागच्या जागी उभे राहिले, पण तोवर सुपरवायझर पाटी घेऊन दाराकडे गेलाही होता. आता गेलेल्या माणसाला परत बोलवायचं, त्याला थांबवायचं, वर आपलाच शब्द फिरवायचा, म्हणजे त्याला त्रासच की. पोतेराव चहा प्यायला गेले. चहा कपातच निवला.

तेवढ्यात शाळेची बस आली.

पोतेराव सुपरवायझरकडे गेले. "जरा... ते भिंगरीचं... ठीक नाही."

"काय?"

"म्हणजे ठीकच आहे. पण आवाज येतोय."

"राइड आहे काका, आवाज येणारच."

"पिवळी खुर्ची... ठीक नाही," पोतेराव पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

सुपरवायझर गोंधळला. त्याने पाट्यांचा खण उघडला, खालीवर केला. "काका, 'ठीक नाही' अशी पाटीच नाही आपल्याकडे. मी लावू काय खिळ्याला?" त्याने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, इतकी वर्षं ठीक आहे, मग आजच कसं ठीक नाही? त्याला म्हणावं, पाणी पी आणि पुन्हा विचार कर.

पोतेरावांनी पाणी प्यायलं आणि विचार केला. तोवर वर्ग भिंगरीपाशी पोचला होता आणि रांगेत सगळ्यांत पुढे, दोन वेण्या हलवत, नात उभी होती. पोतेराव धावले. डाव्या चपलांची ती चाल, त्यात धावणं, बघणाऱ्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी साखळी ओलांडली, पिवळ्या खुर्चीत बसले आणि दांडा पोटावर ओढून घेतला. खटका बसला.

"काका, उतरा," सुपरवायझर म्हणाला. "पोरं खोळंबलीत."

"नाही," पोतेराव म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला नकार दिला होता. आपलं आपल्यालाच त्यांना नवल वाटलं. जमीन दुभंगली नाही. सुपरवायझर मेला नाही. त्यांनी पुन्हा एकदा म्हणून पाहिलं, "नाही."

मग काय विचारता. इतक्या वर्षांचा तुंबलेला माल.

"साहेब बोलावतायत." "नाही."

"बरं वाटत नाहीये का?" "नाही."

"मग बरं वाटतंय?" "नाही!"

शेवटी साहेब आले, एकाला दारावर ठेवून बाकीचे अकरा पहारेकरी घेऊन. त्यांनी आधी पोतेरावांची झडती घेतली, कारण पद्धत ती पद्धत. खिशात कंगवा निघाला तो जप्त झाला. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हवंय तरी काय?"

पोतेरावांनी रांगेकडे पाहिलं. नात डोळे मोठे करून बघत होती. ते म्हणाले, "ही खुर्ची वर कुठेतरी सुटलीय. मी सकाळी 'ठीक' म्हणालो ते खोटं होतं. माझी नात इथे बसणार होती. तिला बसू देणार नाही. कुणाच्याच नातीला बसू देणार नाही."

"उचला ह्यांना," साहेब म्हणाले.

पहारेकऱ्यांनी उचललं, पण पोतेराव निघेनात. दांडा अडकला होता. चौघांनी ओढला, सहाजणांनी ओढला, दांडा तसूभर हलला नाही. "बघा," साहेब रांगेतल्या बाईंना, म्हणजे मुलांच्या शिक्षिकेला, अभिमानाने म्हणाले, "सुरक्षा किती भक्कम आहे." मग दुरुस्तीवाला मिस्त्री आला. त्याने खटक्यावर हातोडीचा एक ठोका घातला. खटका उघडला नाही. वर मात्र कट्ट झालं, आणि पिवळी खुर्ची वरच्या लोखंडी दांड्यासकट, पोतेरावांसकट, वीतभर खाली फलाटावर येऊन बसली. वरून एक बोल्ट टणटणत आला आणि साहेबांच्या बुटापाशी थांबला.

मिस्त्रीने वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि हातोडी हळूच पाठीमागे लपवली.

खटका कापायची करवत दुरुस्तीच्या कारखान्यात होती. तेव्हा सहा पहारेकऱ्यांनी पोतेरावांना खुर्चीसकट उचललं आणि सगळ्या पार्कातून मिरवत नेलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नात सगळ्यांना ओरडून सांगत होती, "माझे आजोबा आहेत! ते नाही म्हणाले!" कारखाना दाराबाहेर होता, आणि दारावरच्या पहारेकऱ्याने मिरवणूक अडवली. पार्कची मालमत्ता बाहेर न्यायला परवानगी लागते. ती येईपर्यंत पोतेराव उन्हात बसून राहिले. कुणीतरी जप्त मालातली छत्री त्यांच्यावर धरली. एक छत्री शेवटी आत गेली ती अशी.

भिंगरी बंद झाली. सगळे बोल्ट तपासायला घेतले. फलकावरचा खिळा दिवसभर मोकळा राहिला. साहेबांनी संध्याकाळपर्यंत चौकशी पुरी केली आणि भिंगरीपाशी नवी सूचना लावली: 'खुर्चीत विनाकारण जास्त वेळ बसू नये.' आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! सुपरवायझरने मात्र जाताना पोतेरावांना गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "काका, रंगाऱ्याला दुसरी पाटी सांगू का?"

"सांग," पोतेराव म्हणाले. "मोठी सांग."

घरी बायकोला सगळं आधीच कळलं होतं. नातीने जिना उतरतानाच ओरडून सांगितलं होतं. बायकोने ताट वाढलं, भाजीची वाटी ठेवली आणि नेहमीसारखी समोर उभी राहिली.

"कसं झालंय?"

पोतेरावांनी घास घेतला. जिभेवर तो नेहमीचा शब्द तयारच होता. त्यांनी तो गिळला आणि घास चावला.

"मीठ जास्त आहे," ते म्हणाले. "खूपच जास्त आहे गं."

बायको मटकन खाली बसली. तिचे डोळे भरून आले. पोतेराव घाबरले. झालं, म्हणजे नाही म्हटलं की हे असं होतं.

"लग्न झाल्यापासून मी मुद्दाम जास्त घालतेय," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी चुकून पडलं होतं, तुम्ही ठीक म्हणालात. म्हटलं बघू, कधी बोलतो हा माणूस. बघता बघता नात झाली हो आपल्याला!"

"आणि तू? तूही हेच खात आलीस?"

"मी काय वेडी आहे? माझी वाटी मी जास्तीचं मीठ घालायच्या आधीच बाजूला काढते."

ती उठली, आतून स्वतःची वाटी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवली. पोतेरावांनी त्यातला एक घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला.

"कसं झालंय?" तिने विचारलं, आणि ह्या वेळी तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"छान झालंय," ते म्हणाले.

तिने खारट वाटी उचलून बाजूला सारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शब्दावर तिचा विश्वास बसला होता.