आबांच्या हळदीचा भंडारा

खंडोबावर माझा फार वर्षं राग होता. देवावर रागावू नये असं सगळेच सांगतात, पण मला तो राग माझ्या आजोबांकडून वारशात मिळाला होता. त्यांना आम्ही आबा म्हणत असू. कुरुंद्याच्या बाजूला आमचं गाव. आमच्या वावरात हळद निघे ती गडद, जवळजवळ तांबूस. चंपाषष्ठीला गावच्या खंडोबावर जो पहिला भंडारा उधळायचा, तो आमच्या घरच्या हळदीचा, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान होता. आबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या बाजूला लढून परत आले आणि तो मान गेला.

पंचांचं म्हणणं असं की हा समुद्र ओलांडून गेला, कुणाच्याही हातचं खाल्लं, नाही नाही त्या जातीची प्रेतं खांद्यावर वाहिली. प्रायश्चित्त घ्यावं, गावजेवण घालावं, मग याच्या घरचा भंडारा देवाला चालेल. आबा पंचांच्या बैठकीतच उठून उभे राहिले होते म्हणे. "ज्याच्या हातचं पानी पिऊन मी जित्ता राहिलो," ते म्हणाले, "त्याचा इटाळ धुऊ म्हनता? न्हाई धुनार." त्या दिवसापासून गुरव आमच्या हळदीला शिवला नाही.

आबांनी मात्र भंडारा करणं सोडलं नाही. हळद उकडून वाळवून झाली की चांगली हळकुंडं निवडून ते स्वतः उखळात कुटत, धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ करत आणि नव्या मडक्यात भरून शिंक्यावर ठेवत. चंपाषष्ठीला सकाळी डोक्याला फेटा, अंगात फौजेतला जुना कोट घालून ते मडकं देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवत. दिवसभर लोक त्याला वळसा घालून जात. संध्याकाळी आबा ते उचलून वावरात जात आणि सरीत ओतत. "घे. त्याला नको तर तू घे," असं जमिनीला म्हणत. लहानपणी मी त्यांचं बोट धरून जाई. येताना घरापर्यंत ते देवाला अशा शिव्या देत की आई दारातूनच मला कान झाकायला सांगे.

याच माणसानं मला हिंगोलीच्या शाळेत घातलं आणि पुढे हैदराबादला पाठवलं. घरात कुणाला अक्षर येत नव्हतं, आणि मी बी.ए. झालो. तेव्हापासून ते मला नावानं हाक मारीनात. "ये बीए, बैलाला पानी दाव," असं म्हणत आणि मिशीत हसत. पहाटे उठून अंथरुणाची चौकोनी घडी घालायची त्यांची फौजी सवय माझ्याही हाताला लागली. माझं जे काही बरं झालं, ते त्यांच्यामुळे.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी आबांची छाती कफानं भरली. चंपाषष्ठी आली तेव्हा त्यांना बाजेवर उठून बसवत नव्हतं. मडकं भरून शिंक्यावर तयार होतं. मी नेतो म्हटलं तर नको म्हणाले. आपल्या हातानं नेईन, नाहीतर राहू दे. ही आपली शेवटची चंपाषष्ठी हे त्यांना कळत होतं आणि मलाही. मला रडू येण्याऐवजी संताप आला. राज्य बदललं, पंच बदलले नाहीत. आणि एवढ्या वर्षांत एकदाही, एक चिमूटसुद्धा न घेणारा हा देव कसला? मी आबांच्या उशाशी बसून मनात त्याला म्हणालो, तुला हा म्हातारा दिसत नसेल तर तुझे डोळे कशाला रंगवायचे?

त्या वर्षीच्या गडबडीत गावचा वाघ्या गाव सोडून गेला होता. देवासमोर लंगराची साखळी कोण तोडणार, पहिला भंडारा कोण उधळणार, याची देवळात चिंता चालली होती. सकाळी उन्हं वर आल्यावर आमच्या दारात एक परका वाघ्या उभा राहिला. कमरेपर्यंत भिजलेला, जिंतूरकडून आलेला. आमचं घर वाटेवरचं पहिलं. पूर्णा नदी उतरताना पाय घसरला आणि भंडाऱ्याच्या पिशवीचा चिखल झाला, असं तो सांगू लागला.

"वाघ्यानं भंडारा द्यायचा असतो माय, पर आज मलाच मागायची पाळी आली," तो आईला म्हणाला. "घरात हळद असंल तर द्या. देवाम्होरं रिकाम्या हातानं कसा जाऊ?"

आईनं आबांकडे पाहिलं. बाजेवरून आबा म्हणाले, "बीए, शिंक्यावरचं काढ."

मी मडकं आणलं. आबांनी ते माझ्याकडून घेतलं आणि स्वतः त्याच्या पिशवीत रिकामं केलं. वाघ्यानं चिमूटभर भंडारा त्यांच्या कपाळाला लावला आणि निघाला. आबा मला म्हणाले, "जा, पाहून ये."

देवळात लोकांना तो वाघ्या पाहून हायसं वाटलं. कुणी काही विचारलं नाही. लंगर तुटला, येळकोटाचा गजर झाला आणि आमच्या वावराचा तो तांबूस भंडारा देवाच्या अंगभर पडला. आबांचा मान ज्यांनी काढून घेतला त्या पंचांमधले पाटील आता म्हातारे झाले होते. त्यांनी तोच भंडारा भक्तिभावानं कपाळाला फासला. माझ्या अंगाचा भडका उडाला. हा कुणाचा भंडारा आहे ते या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता ऐकवायचं, म्हणून मी पुढे घुसलो आणि ओरडायला तोंड उघडलं. त्याच वेळी उधळलेली मूठभर हळद थेट माझ्या घशात गेली. ठसक्यानं मी कमरेत वाकलो, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेजारचे म्हणाले, पोराच्या अंगात आलं. घसा मोकळा होईतो पालखी उठली होती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा इतके हसले की खोकला लागला. "तुजं तोंड देवानंच बुजवलं की रं."

मी अजून तापलेलाच होतो. संध्याकाळी चावडीवर जाऊन सांगतोच, म्हणालो. आबांनी माझं मनगट धरलं.

"सांगशील तर काय व्हईल? कपाळं पुसतील. देवाला पुन्यांदा आंगूळ घालतील. माजा भंडारा मोरीतून वाहून जाईल."

"पण आबा, देवानं असा चोरून काहून घ्यावा?"

"लढाईत रसद कोन्या वाटंनं आली हे कोनी इचारत न्हाई, लेकरा. पोचली, बास."

मग त्यांनी चंपाषष्ठीचं भरीत आणि रोडगा मागितला, दोन घास खाल्ले. त्या संध्याकाळी सरीत ओतायला काही उरलं नव्हतं. आबा पौषात गेले. खांदा द्यायला पाटलांचाही मुलगा होता.

तो वाघ्या गावात पुन्हा कुणाला दिसला नाही. तो कोण होता हे मला ठाऊक नाही आणि मी शोधलंही नाही. पाटील आणि त्या वेळचे पंच आता हयात नाहीत, म्हणून हे लिहितो. राग माझा गेला असं म्हणालो तर ते खोटं होईल. पंचांचा आजही येतो. पण आबांनी शिकवलं तसं मी दरवर्षी हळद कुटतो, फडक्यातून गाळतो आणि दारी येईल त्या वाघ्याच्या पिशवीत घालतो. ती पुढे कुठे जाते ते बघायला जात नाही. नंतर देवळात जाऊन हात जोडतो. घशात जुनी हळद जाणवते, आणि देवाला जे ऐकवायला गेलेलो असतो ते तिथंच राहतं.