पाचपैकी एक

सूर्यकांत आगटे यांचे कान सरकारी होते. तीस वर्षं त्यांनी दिल्लीत सरकारी रेडिओचा ट्रान्समीटर सांभाळला आणि निवृत्त होताना खुर्ची, पंखा, क्वार्टर सगळं परत केलं. कान तेवढे घरी आणले. गुडगावच्या नव्या सोसायटीत लिफ्टमध्ये जो सापडेल त्याला ते एफएमचे सुरुवातीचे दिवस ऐकवत. तेव्हा म्हणे तंबोऱ्याच्या चारही तारा वेगळ्या ऐकू येत, आणि निवेदिकेने बोलण्याआधी श्वास घेतला की आगटे तिचं नाव सांगत. ऐकणाऱ्याचा मजला नेहमी लवकर येई.

आता २००३ साल होतं आणि खाजगी वाहिन्यांवर कुजबुज आणि किंकाळी एकाच मापाची झाली होती. दोन वाक्यांमधला श्वास कापून तिथे गाद्यांची जाहिरात बसवलेली. आगट्यांनी हे मुकाट्याने सोसलं नाही. रोज संध्याकाळी ते गॅलरीत रेडिओ लावून वहीत गुण मांडत: सिग्नल, खरखर, आवाज, प्रत्येकी पाचपैकी. मग तो अहवाल पोस्टकार्डावर उतरवून वाहिनीला धाडत. उत्तर एकदाही आलं नाही, त्यावरून आपले मुद्दे बिनतोड आहेत याची त्यांना खात्री पटली होती.

अशात त्यांच्या मुलीला, देवयानीला, एका वाहिनीत नोकरी लागली.

"बाबा, सोमवारपासून मी ऑन एअर. चॅनल सांगणार नाही, नावही वेगळं घेतलंय. तुम्हीच ओळखा."

"बिल्कुल. एका श्वासात."

देवयानी हसली, पण तिला हे हवंच होतं. पहाडगंजच्या मराठी शाळेत ती वक्तृत्वात पहिली आली, तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते की माइक फार लांब ठेवला होता. त्या दिवसापासून ती त्यांच्या शाबासकीची वाट पाहत होती.

आठवडा गेला. घरी आली की ती विचारी, "मी सापडले का?" आणि आगटे नकारार्थी मान हलवत. "अहो, मी सांगू का?" त्यांच्या पत्नी हेमलताबाई म्हणाल्या. त्यावर, मला कान आहेत, असं उत्तर मिळालं.

मधल्या काळात अहवाल चालूच होते. एका वाहिनीवरची पोरगी तर पत्र्यावर खडे पडावेत तशी बोलत होती. आगट्यांनी कार्डावर लिहिलं, 'आवाज पाचपैकी एक. श्वास नाही, चढउतार नाही. या मुलीला घरी पाठवावे.' खाली ठसठशीत सही केली.

पुढच्या शनिवारी देवयानीने तेच कार्ड त्यांच्या चहाशेजारी ठेवलं. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती.

"आमच्याकडे येणारी तुमची सगळी कार्डं ऑफिसात बोर्डावर लावतात. येताजाता वाचून हसतात. मीही हसायचे. हे मात्र काढून आणलं."

आगट्यांनी कार्ड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. अक्षर त्यांचंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या कानांची लाज वाटली.

"अगं, तो त्यांच्या मशीनचा दोष," ते म्हणाले. मग आवाज खाली आला. "तू बोल ना काहीतरी. इथे, माझ्यासमोर."

त्यांनी डोळे मिटले. देवयानीने बोलण्यासाठी श्वास घेतला. तो त्यांनी लगेच ओळखला, हजारांत ओळखला असता.

तो श्वास तसाच सोडून देऊन तिने कार्ड उचललं आणि ती आत गेली.