वसुधाताई आणि कुजका बुंधा

सेंदाईहून भाऊजींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात प्रोग्रॅममधली चूक शोधत होतो. "वसुधा गेली रे," ते म्हणाले. आजारपण माहीत होतं, तरी मी कितीतरी वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसलो... त्याला आता दीड महिना झाला.

वसुधाताई माझी मावसबहीण. आम्ही सगळे सॉफ्टवेअरच्या लाटेबरोबर जपानात आलो, ही माश्यांच्या मागे आली. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या हा तिचा विषय. पण जीव जडला होता स्कॉटलंडमधल्या एका जातीवर. अंगाने काळी, शेपटाकडे तांबूस. तिच्या अळ्या पाइनच्या कुजक्या बुंध्यात साचलेल्या पाण्यात वाढतात. लोकांनी जुने पाइन तोडले, मेलेली झाडं उचलून रानं स्वच्छ केली, आणि माशीचं घरच गेलं. ताईने तिथे दोन उन्हाळे अळ्या मोजल्या. उडणारी माशी मात्र एकदाही दिसली नाही. "मुलगी बघायला जावं आणि दर वेळी तिची धाकटी भावंडंच भेटावीत, तसं झालं रे," म्हणायची.

एकदा ती हिगाशी-कसाईला आमच्याकडे आली होती. इमारतीमागे वादळात मोडलेल्या पाइनचा बुंधा होता. तो उपटायला आमचे केअरटेकर मोरी-सान कुदळ घेऊन आले, आणि ताई हातातला चहा तसाच सोडून गाऊनवरच खाली धावली. दुभाषा मी. ती पाच मिनिटं बोलली, माझ्या जपानीत त्याचं झालं, "ताई म्हणतात, नको. त्यांच्या माशीसाठी."

"एवढंच?" मोरी-सान म्हणाले. ताई हे तिचं आडनाव समजून त्यांनी विचारलं, "ताई-सानची ती माशी इथे येणार आहे का?"

"नाही येणार," ताई म्हणाली. "पण तिथेही सगळे असेच नीटनेटके होते, म्हणून ती संपत आली. इथल्या माश्यांनाही कुजकं लाकूड लागतंच."

हे मात्र मी जीव ओतून सांगितलं. मोरी-साननी कुदळ खाली टेकवली.

"किती दिवस ठेवायचा?"

"कुजून संपेपर्यंत!"

मग ताईने त्यांच्याच कुदळीने, त्यांच्याकडूनच बुंध्यात खळगा करून घेतला, त्यात लाकडाचा भुगा भरून पाणी ओतलं, आणि वर येऊन नवा चहा मागितला.

गेल्या आठवड्यात मोरी-सानना बातमी सांगितली. ते मला इमारतीमागे बुंध्याकडे घेऊन गेले. उन्हाने खळगा सुकतो, म्हणून ते रोज सकाळी झारीने पाणी घालतात, हे मला तेव्हा कळलं.

"काही आलंय का आत?" मी विचारलं.

ते वाकून बघत राहिले. "डास," हळूच म्हणाले. "पण ताई-सानना सांगू नका हं..."

मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी टोपी काढली, आणि आम्ही दोघं त्या डासांकडे बघत उभे राहिलो.