शंभरांना एक डोळा

माझे वरचे पुढचे दोन दात पहिल्यांदा पाडले ते एका बल्गेरियन माणसाने. मी त्याला रशियन म्हणालो होतो.

जहाजावर तो बोसन होता, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. आमचे जुने लोक त्याला सारंग म्हणत. मी इंजिनरूममध्ये तेलवाला. आम्हा मालवणकडच्या पोरांना गोरा, घोगऱ्या आवाजाचा माणूस दिसला की तो रशियन, विषय संपला. जेवताना मी सहज म्हटलं, "तुम्ही रशियन लोक सूप फार पिता." वाक्य पुरतं संपलंही नसेल, तोवर त्याची मूठ माझ्या तोंडावर पोचली. ताटात भात, भातावर रक्त, रक्तात दात. मी तरी कुठे गप्प बसणारा? स्टीलचा जग उचलून त्याच्या कानशिलावर हाणला. आम्हाला सोडवताना दोघा खलाशांनीही उगीच मार खाल्ला.

संध्याकाळी तोच बर्फ घेऊन माझ्या केबिनमध्ये आला. माफीबिफी काही नाही. बसला आणि म्हणाला, "आता ऐक, आम्ही कोण ते."

त्या सफरीत दोन दात देऊन मी एक अख्खा देश शिकलो. त्यांचे मूळचे बल्गार म्हणजे पूर्वेकडच्या गवताळ मैदानातले घोडेस्वार. कोणी त्यांना तुर्की वंशाचे म्हणतं, कोणी इराणी, आणि यावरूनही त्यांच्याकडे टाळकी फुटतात. ते डॅन्यूब नदी ओलांडून आले, तेव्हा तिथे स्लाव शेतकरी नांगर धरून बसले होते, आणि त्यांच्याही आधीचे लोक मातीच्या टेकाडांखाली पुरलेले होते. घोडेवाल्यांनी राज्य केलं, पण पुढे त्यांची भाषा मेली. बोली उरली शेतकऱ्यांची, नाव उरलं घोडेवाल्यांचं. एका राजाने शत्रूच्या बादशहाची कवटी चांदीने मढवून तिच्यातून दारू प्यायली. दुसऱ्याने धर्म बदलला आणि जे सरदार उलटले त्यांना बायकापोरांसकट कापलं. हे सांगताना बोसनचे डोळे भरून यायचे, आणि तो टेबलावर मूठ अशी आपटायचा की माझ्या हिरड्या ठणकायच्या.

एक गोष्ट तो हळू आवाजात सांगायचा. एका लढाईत त्यांचे हजारो सैनिक धरले गेले. जिंकलेल्या बादशहाने सगळ्यांचे डोळे काढले. फक्त दर शंभरांत एकाचा एक डोळा ठेवला, उरलेल्यांना वाट दाखवायला. एकमेकांचे खांदे धरून ती रांग परत आली. त्यांच्या राजाने ती पाहिली आणि तो कोसळला, तो उठलाच नाही. पुढे राज्यही बुडालं.

मी रजेवर घरी आलो, तर आमच्या गावात तेच. देवी आमच्या मूळपुरुषाच्या जाळ्यात सापडली, असं आमची होडीवाली भावकी सांगते. ती आपल्या नांगराला लागली, असं पलीकडच्या वाडीतली शेतीवाली भावकी म्हणते. आम्ही म्हणे गलबतातून उतरलेले उपरे. म्हणून शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावर दरवर्षी शिव्या व्हायच्या. त्या वर्षी बांबू निघाले. माझा धाकटा भाऊ पुढचा दांडा सोडेना. चिरलेला बांबू त्याच्या डाव्या डोळ्यात गेला आणि बाहेर येताना डोळा घेऊन आला. मी त्याला पाठुंगळीला मारून धावलो. त्याचं रक्त माझ्या मानेवरून छातीवर उतरत होतं आणि तो विचारत होता, "दादा, पालखी पडली काय रे?" मारणाऱ्याला अटक झाली, देवळाला टाळं लागलं.

यंदा टाळं निघालं. देवळातून पहिला खांदा त्यांचा, पिंपळापासून पुढे आमचा, असं ठरलं. आदल्या दिवशी आमच्या खळ्यात भावकी जमली. कोयते कुठे लपवायचे यावर खल चालला होता. चुलतभाऊ म्हणाला, "डोळ्याक डोळो होयो." बोसनची गोष्ट ऐकून तरी शहाणे होतील म्हणून मी ती सांगितली. मग चुलतभाऊ म्हणाला, "बरां सांगलंस. एकडोळ्याक फुडे घालूया. तेंच्या वाडीत पालखी थांबवया. बघूया तेंका!"

मला त्याला तिथेच तुडवावंसं वाटलं. मी घसा कोरडा होईपर्यंत भांडलो. आंधळ्या बाजूने काठी आली तर भावाला दिसणार कशी? उरलेला डोळाही गेला तर? भाऊ कोपऱ्यात जाळं सांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मी फुडे ऱ्हवतलंय." मी त्यालाही शिव्या घातल्या. गाढवापुढे वाचली गीता.

दुसऱ्या दिवशी पिंपळापाशी खांदा सोडून ते लोक आपल्या वाडीकडे पुढे गेले, आणि भावाने पुढचा दांडा उचलला. त्याच्या आंधळ्या बाजूला मी घुसलो. मागच्या दांड्याला दोघे, आणि त्यांच्यामागे ढोल, गुलाल, आमचे सगळे पुरुष. पुढे तिठा आला. उजवीकडे त्यांची वाडी. काठ्या घेऊन उभी असलेली माणसं इथूनच दिसत होती. डावीकडची वाट फिरून परत देवळाकडे जाते.

भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या गजालीतलो एकडोळो लोकांक खंय घेवन गेलो?"

"घराक."

तो डावीकडे वळला. पालखी पुढच्या खांद्याची. पुढचा वळला की ती वळते.

मागून आधी हाका आल्या, मग शिव्या. बायल्या म्हणाले, बाटगा म्हणाले. मग दगड. त्यांच्या वाडीतून नाही, आमच्यातून. पहिला भावाच्या पाठीत बसला, दुसरा कपाळावर, आणि रक्त थेट चांगल्या डोळ्यात उतरलं. तो अडखळला, पण दांडा सोडला नाही. "दादा, माका काय दिसणा नाय. वाट सांग." सख्ख्या भावकीचा राग माझ्या मस्तकात गेला. शिवी द्यायला मागे वळलो, आणि तिसरा दगड तोंडावर बसला. बल्गेरियाने पाडलेल्या दातांच्या जागी बसवलेले दोन्ही दात मूळपुरुषाच्या वंशजांनी धुळीत पाडले.

मी दांडा खांद्यावर धरून, "उजवीकडे, आता चढ, आता पायरी," असं बोबडं सांगत राहिलो. तो माझ्या आवाजावर चालत राहिला. देवळात पालखी टेकवली तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना. चेहरा सगळा रक्ताचा, दोन्ही खाचा सारख्याच दिसत होत्या.

"मागसून किती इले?" त्याने विचारलं.

मागच्या दांड्याचे दोघे खांबाला टेकून धापा टाकत होते. त्यांच्यामागे नुसता रस्ता.

"सगळे इले," मी म्हटलं.

मी कळशी त्याच्या कपाळावर ओतली. रक्त गेलं, पुन्हा आलं, पुन्हा ओतली. पापणी थरथरली. त्याने उजवा डोळा उघडला, लाल झालेला, पण जागेवर असलेला, आणि माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघत राहिला.

"खोटां बोलतंस, दादा," तो म्हणाला.

मला रडूच फुटलं. त्याला दिसत होतं.