तळं घराशी आलं

दर बुधवारी आमच्या चर्चच्या तळघरात आम्ही बायका गोधड्या शिवायला बसतो, आणि हातांपेक्षा तोंडं जास्त चालतात. नेब्रास्कातला हिवाळा दुसरं करू तरी काय देतो! अल्वीना मात्र त्या वर्षी गप्प असायची. नवऱ्याचे, एमिलचे, जुने शर्ट कापून ती काडेपेटीएवढे चौकोन करत होती. एमिलला विसरण्याचा आजार. शेत विकून दोघं गावात आली, तेव्हापासून तो रोज विचारायचा, "घरी कधी जायचं?" ते शेतच गोधडीवर उतरवून त्याच्या मांडीवर पसरायचं, ते ओळखून तो शांत होईल, एवढीच तिला आशा होती.

तिची बोटं थरथरत, म्हणून तिने ते नवं अस्तर आणलं. पातळ, चौकटी छापलेलं, एका अंगाला डिंकाचे बारीक ठिपके. त्यावर चौकोन मांडून इस्त्री फिरवली की चिकटले. मग एकेका रेघेवर घडी घालायची आणि घडीच्या कडेला लागून एकच लांब शिवण मारायची.

"ही गोधडी की भिंतीचा कागद?" मी म्हटलं. "आपल्या आज्या बघतील तर वरून सुया टोचतील."

"टोचू देत. आधी तुझी जीभ टाचून घेते, लिबी."

पण सगळं मांडून झालं तशी मी सुई खाली ठेवून जवळ गेले. निळ्या शर्टांचं आभाळ, विटक्या हिरव्यांचं कुरण, पांढरं घर, खाली तळं. इस्त्रीची वाफ वर चढली तशी शेतावर पहाट झाल्यासारखी वाटली. कोलाचे, म्हणजे खसखस भरलेले गोड पाव, ताटात तसेच राहिले, कॉफी निवली. मला उगाच रडू आलं.

शिवताना अल्वीनाचा डोळा चुकला. घडी पडली एका रेघेवर, शिवण धावली पुढच्या रेघेवर, मधल्या ओळी घडीत गेल्या, आणि सवयीने तिने शिवणीबाहेरचं ते जास्तीचं कापूनही टाकलं. उलगडून पाहतो तर घर आणि तळं यांच्या मधलं कुरण गायब! पाणी थेट पायरीला टेकलेलं.

"शर्ट संपले गं," ती म्हणाली. "आता तो काय ओळखणार?"

तशीच पुरी केली. अल्वीना ती गावातल्या घरी घेऊन गेली तेव्हा मी सोबत होते. एमिल खिडकीशी बसला होता. तिने गोधडी त्याच्या मांडीवर पसरली. तो बराच वेळ नुसता हात फिरवत राहिला. मग बोट तळ्यावर थांबलं.

"अल्वी, पाणी पायरीला लागलं की! गाई वरच्या कुरणात हाकल्यास ना?"

त्यांच्या लग्नाच्या वर्षी तळं असंच फुगलं होतं.

"हाकल्या रे," ती म्हणाली. "सगळ्या हाकल्या."

"मग ठीक." त्याने गोधडी छातीपर्यंत ओढली. घरी कधी जायचं, हे त्या दिवशी त्याने विचारलं नाही.